खेळाचे शब्द आले कोठून?

सृष्टी हा परमात्म्याचा खेळ आहे, असे आपण नित्य म्हणतो. पूर्णकाम परमेश्वराने जग निर्माण केले ते कशासाठी, ही शंका ब्रह्मसूत्रांतही घेतली आहे आणि तिला लीला हेच उत्तर दिले आहे. देवच जर खेळगडी, तर संतांनी खेळ वर्ज्य का मानावा? नाथमहाराजांनी भारुडात फुगडी घातली. तुकोबारायांच्या गाथेत टिपरी आहे, हमामा आहे, चेंडूफळी आहे. आपणही वारीच्या वाटेवर टाळ कमरेला खोचून फुगडी घालतो, हुतुतू खेळतो. कीर्तनाला खेळाचा अभंग लावला की मागे बसलेली पोरे आपण होऊन पुढे सरकतात. तेव्हा खेळाविषयी बोलणे हे विषयांतर नव्हे.

आज मात्र खेळाचा परमार्थ सांगावयाचा नाही. सांगावयाचे आहे ते खेळातल्या शब्दांविषयी. ते कोठून आले, कोणत्या वाटेने आले, आणि ते सांगताना आम्ही कीर्तनकारांनी जिभेला काय वळण लावावे, याविषयी.

अलीकडे कीर्तनात एक खोड वाढली आहे. शब्द दिसला की मोडायचा, त्याचे दोन-तीन तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातून काहीतरी गोड अर्थ काढायचा आणि वर ठासून सांगायचे, ‘ही या शब्दाची व्युत्पत्ती!’ श्रोते टाळी देतात. परंतु घरी गेल्यावर नातू हातातल्या फोनवर कोश उघडून पाहतो आणि आजोबांना म्हणतो, ‘आबा, तुमच्या बुवांनी सांगितले ते खोटे आहे.’ आता त्या पोराने पुढचे काय काय खोटे धरावे? शब्द खोटा ठरला की त्याच्या शेजारी बसलेले नामही त्याला संशयित वाटू लागते. नुकसान होते ते तेथे.

यास्काचार्यांनी निरुक्तात अर्थाकडे दृष्टी ठेवून शब्दाचे निर्वचन करावे असे म्हटले आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच वाटेने पूर्वाचार्यांनी विठ्ठल नामाची नाना निर्वचने केली, ती आम्हीही सांगतो आणि पुढेही सांगू. पण ते भावाचे निर्वचन झाले. शब्द प्रत्यक्षात कोणाच्या तोंडून निघाला, कोणत्या गावावरून आपल्याकडे आला, ही चौकशी वेगळी. दोन्ही कराव्यात, एकीला दुसरीचे नाव देऊ नये.

आता उदाहरण घेऊ. आपल्या तोंडी रोज असणारा शब्द म्हणजे कलियुग. कलियुगात नामावाचून तरणोपाय नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण हा कलि कोण? पुष्कळांना वाटते, कोणी काळा, अक्राळविक्राळ पुरुष असावा. शब्दाच्या मुळाशी गेले तर तेथे एक खेळ सापडतो, आणि तो खेळ द्यूताचा आहे.

वेदकाळी फासे हस्तिदंताचे नव्हते. बेहड्याची फळे हेच फासे. त्रिफळाचूर्णात पडतो तोच हा बेहडा, संस्कृतात विभीतक. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले ३४ वे सूक्त एका जुगाऱ्याचे आहे; बायको दुरावली, सासू तोंड पाहीना, तरी फाशांचा खुळखुळाट कानी पडला की पाय तिकडेच वळतात, अशी त्याची दशा तेथे सांगितली आहे, आणि शेवटी त्याला शेतीकडे वळविले आहे. आमच्या शेतकरी वारकऱ्यांना हे सूक्त मुद्दाम सांगावे असे आम्हांस नेहमी वाटते.

या खेळात फळांची रास घेऊन ती चाराचारांनी मोजीत, असे अभ्यासक सांगतात. नि:शेष भाग गेला तर ते दान ‘कृत’, सर्वांत उत्तम. तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, आणि एकच उरले तर कलि, म्हणजे हरलेले दान. कृत, त्रेता, द्वापर, कलि! युगांना ही नावे पडली ती दानांवरून. चार पायांवर उभा असलेला धर्म एकेका युगात एकेक पाय गमावतो, असे पुराणे सांगतात, त्यातली मोजणीसुद्धा तीच: चार, तीन, दोन, एक.

याला आधार पाहिजे तर छांदोग्य उपनिषदाचा चौथा अध्याय काढावा. रात्री राजा जानश्रुतीच्या घरावरून हंस उडत चालले आहेत. त्यांतला एक राजाच्या कीर्तीचे कौतुक करतो, तेव्हा दुसरा त्याला म्हणतो की गाडीवाल्या रैक्वापुढे हा राजा कोण? आणि रैक्वाची थोरवी सांगताना तो दृष्टांत देतो फाशाचा. कृत हे दान जिंकले की खालची सारी दाने त्यातच जमा होतात. तसे लोक जे जे पुण्य करतात ते ते रैक्वाच्या पदरी जाते. श्रीमच्छंकराचार्यांनी येथे भाष्य करताना कृत म्हणजे चार अंकांचे दान असे स्वच्छ सांगितले आहे. ब्रह्मविद्येच्या ग्रंथाला जुगाराचा दृष्टांत चालतो, आणि तो देणारा हंस, घेणारा गाडीखाली अंग खाजवीत बसलेला अवलिया! उपनिषदे किती मोकळी आहेत ते पाहावे.

आता नळाख्यान आठवा. आम्ही कीर्तनकार ते किती वेळा लावतो! कलि नळाच्या अंगात शिरतो, द्वापर फाशात शिरतो, आणि नळ राज्य हरतो. पुढे ऋतुपर्ण राजा रथ थांबवून एका झाडाची पाने नि फळे गणिताने मोजून दाखवितो, नळाला अक्षहृदय विद्या देतो, तेव्हा कलि नळाच्या देहातून बाहेर पडतो आणि झाडात लपतो. झाड कोणते? बेहड्याचे! श्रोते हो, महाभारतकाराला दुसरे झाड सापडत नव्हते काय? वड होता, पिंपळ होता. कलि बेहड्यात शिरला, कारण तो मुळात बेहड्याचाच. फाशातून आला आणि फाशाच्या झाडात परत गेला. हे मूळ ठाऊक नसले तर कथेतली ही जागा नुसती वाचून पुढे जावे लागते.

कलि म्हणजे एक उरणे. यावर आम्ही कीर्तनात असेही म्हणतो की बाबांनो, या युगात हाती एकच उरले आहे, ते एक म्हणजे नाम. तेवढे घट्ट धरा. पण त्याच वेळी सांगतो की हा आमचा भाव आहे, कोशात शोधू नका. असे सांगितले म्हणून एकाही श्रोत्याची टाळी कमी झालेली आम्ही पाहिली नाही.

दुसरे उदाहरण आपल्या गल्लीतले, विटीदांडूचे. विटी कोलली, पुढच्याने झेलली नाही, तर ती पडली तेथपासून गल्लीपर्यंत दांडूने मोजत यायचे. मोजणी कशी? एक, दोन, तीन अशी नाही. ‘वकट, लेंड, मूंड, नाल...’ अशी. ज्या शब्दावर माप संपेल त्याप्रमाणे पुढचा टोला. कोणता पायावर विटी ठेवून, कोणता मुठीवर, कोणता डोळ्यावर. नालच्या पुढचे शब्द गावोगाव बदलतात, कोठे आर येतो, कोठे झकू. पण हे चार सर्वत्र कानी पडत. आमच्या पिढीतल्या कोणालाही विचारा, म्हणून दाखवील. अर्थ विचारा, सांगता यायचा नाही.

मागे वाखरीच्या मुक्कामी दुपारच्या विसाव्यात दिंडीतली चार पोरे लाकडाचा तुकडा छिलून विटीदांडू खेळत बसली होती. एक म्हातारा शेतकरी त्यांना जुनी मोजणी शिकवीत होता. सोलापूरकडची एक आजी, विणकराच्या घरातली, पदराने वारा घेत बसली होती. तिला हसू आवरेना. ती म्हणाली, “अहो, हे तर आमच्या घरातले आकडे! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आमच्या तेलुगूत असेच मोजतात.” म्हातारा चकित. साठ वर्षे तो तेलुगूत मोजत होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

दिंडीत एक शिक्षक होते. ते म्हणाले, “बुवा, तेलुगू तरी शेवटी संस्कृताचीच लेक ना? मग हे शब्दही संस्कृतच झाले.”

आम्ही म्हटले, “गुरुजी, संस्कृतात एक, द्वि, त्रि, चतुर्. यातून ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु कसे काढाल ते दाखवा.”

गुरुजींनी बोटे मोडून पाहिली, मान हलवली. “मग आमच्या शाळेत सांगितले होते ते?”

पुष्कळ शाळांत सांगितलेले असते, त्यांचा दोष काय? पण खरी गोष्ट अशी आहे. तेलुगू, कानडी, तमिळ, मल्याळम या भाषांचे कूळ संस्कृताहून निराळे आहे, हे मद्रासच्या एलिस या इंग्रज अधिकाऱ्याने १८१६ साली मांडले, आणि १८५६ साली कॉल्डवेल या मिशनऱ्याने या द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण लिहून ते भक्कम केले. तेलुगूत संस्कृत शब्द विपुल आहेत, साहित्यात तर ओसंडून वाहतात. पण ते अंगावरचे दागिने. आकडे, हात, पाय, आई, बाप ही भाषेची हाडे. ती तेलुगूची स्वत:ची आहेत. ज्याने उमेदीची बारा वर्षे कौमुदी घोकण्यात घातली तो हे लिहीत आहे, तेव्हा संस्कृताविषयी आमच्या मनात काही उणे आहे असे कोणी समजू नये. संस्कृत थोर आहे ते आपल्या बळावर. प्रत्येक शब्द तिच्या नावावर चढवून तिची थोरवी वाढत नाही. दुसऱ्याच्या शेताचा बांध कोरणाऱ्याचे शेत दिसायला मोठे होते, पत मात्र जाते.

हे तेलुगू आकडे आपल्या पोरांच्या तोंडी आले कसे? नकाशा पाहिला तर फारसे नवल वाटत नाही. नाशिक, पैठण, नांदेड करीत जाणारी आपली गोदामाई पुढे तेलुगू मुलखात शिरते आणि राजमहेंद्रीपर्यंत तीच गोदामाई असते. काठावरची पोरे एकमेकांत खेळली असतील, त्यांना सीमा कोण सांगणार? पंडितांच्या ग्रंथांत मोठमोठे शब्द राहतात, पण असले बारके शब्द पोरांच्या खेळात टिकतात, कारण खेळाचे नियम बदललेले पोरांना खपत नाहीत. आणि आपल्याला तरी परकेपणा का वाटावा? माउलींनी देवालाच कानडा म्हटले. भीमेच्या वाळवंटात मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलणारे लोक शतकानुशतके उतरत आले. विटेवरच्याने कोणाची भाषा तपासून दर्शन दिले नाही.

बुद्धिबळाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे आपला खेळ परदेशी गेला आणि त्याचे शब्द परक्या वेषात आपल्याच घरी परत आले. सेनेची चार अंगे, हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. म्हणून खेळ चतुरंग. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात राजाच्या शांततेच्या राज्याचे वर्णन करताना श्लेष केला आहे, तो असा की या राज्यात चतुरंगाची मांडणी दिसते ती फक्त पटावर. म्हणजे तोवर खेळ कान्यकुब्जापर्यंत सर्वांच्या माहितीचा होता. इराणात त्याचे चत्रंग झाले. हिंदच्या राजाने हा पट इराणच्या खुस्रो अनुशिर्वान बादशहाकडे कोडे म्हणून पाठविला आणि त्याच्या वजिराने ते सोडविले, अशी कथा जुन्या पहलवी भाषेतल्या एका पुस्तकात आहे. अरबांनी चत्रंगाचे शत्रंज केले. अरब स्पेनला गेले, तेथे झाले अखेद्रेस. चतुर् आणि अंग एवढे लांब चालून गेले, तरी कान देऊन ऐकले तर पावले ऐकू येतात.

वाटेत काही हरवलेही. इराणी लोक ‘शाह!’ म्हणून ओरडत, म्हणजे राजा, राजाला सांभाळ. तोच आपला शह. ‘शाह मात’, म्हणजे राजा हतबल झाला. ती आपली मात. इंग्रजीत खेळाचे नाव चेस पडले तेही या शाहवरूनच. आपण राजकारणात शह-काटशह म्हणतो, संकटावर मात केली म्हणतो, तेव्हा नकळत इराणी पटावर बसलेले असतो. हत्तीला फारसीत पील, अरबीत अल्-फील. स्पेनमध्ये त्या सोंगटीला अजून आल्फिल म्हणतात, मात्र तो हत्ती आहे हे तेथे फार थोड्यांना ठाऊक. इंग्रजांनी त्याचा धर्मगुरू केला. रशियात तो अद्याप हत्तीच आहे. आपल्याकडे हत्ती कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्याच्या जागी उंट आला. सर्वांत वाईट गत झाली रथाची. ज्या देशात पार्थाचा रथ घरोघरी चित्रात आहे, त्या देशाच्या बहुतेक पटांवर रथ उरला नाही. बंगाल्यात तर त्या जागी नौका आहे.

परंतु आम्हांस यातले सर्वांत प्रिय आहे ते प्यादे. फारसी पियादा म्हणजे पायी चालणारा. संस्कृतात पदाति. एक दुसऱ्याचा मुलगा नव्हे. जुनी इराणी आणि संस्कृत या सख्ख्या बहिणी, म्हणून त्यांची लेकरे तोंडावळ्याने सारखी. इंग्रजीत या सोंगटीला पॉन म्हणतात, तो शब्दही लॅटिनमधल्या पायावरूनच आला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असले पाहिजे असे विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यास सांगितले, ते असल्याच साम्यांवरून. आणि पदातीच प्राकृतात पाइक्क होऊन मराठीत आला तो पाईक. तुकोबांनी पाइकीचे अभंग लिहिले ते स्वामीचे काम जिवावर उदार होऊन करणाऱ्या या पायदळाच्या शिपायावर. पटावर प्यादे एकेक घर पुढे जाते, मागे फिरत नाही, आणि पैलतीराला पोचले की वजीर होते. आळंदीहून पंढरीला पायी निघालेल्या माणसाला हे उलगडून काय सांगायचे?

कोणी सोवळे श्रोते विचारतात, ‘बुवा, नारदाच्या गादीवरून शह, मात, वजीर असे यावनी शब्द कशाला?’ त्यांना आम्ही नाथांचे अर्जदस्त दाखवितो. ते भारूड सबंध दरबारी अर्जाच्या थाटात आहे आणि फारसी शब्दांनी भरलेले आहे. पैठणच्या त्या ब्राह्मणाने विटाळ मानला नाही.

राहता राहिला मोक्षपट, आणि येथे थोडे कडू बोलावे लागेल. सापशिडीचा खेळ ज्ञानेश्वर माउलींनी निर्माण केला, असे आजकाल फार सांगितले जाते. पत्रके निघतात, कीर्तनात टाळ्या पडतात. एका तरुण कीर्तनकाराने आम्हांस विचारले, “हे सांगू की नको?” आम्ही त्याला विचारले, “आधार कोणता?” ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे सन १२९०. तीत, अमृतानुभवात, चांगदेवपासष्टीत किंवा हरिपाठात या पटाची मांडणी सांगितलेली आढळत नाही. जे जुने पट आज हाती आहेत ते अठराव्या शतकापासूनचे, आणि ते एकट्या महाराष्ट्रातले नाहीत. ज्ञानचौपड या नावाने ते राजस्थान-गुजरातेत आहेत, जैनांचे ८४ घरांचे आहेत, वैष्णवांचे ७२ घरांचे आहेत. खेळ भारतातला आणि धर्मशिक्षणाचा, एवढे निश्चित. त्यापुढे ‘लोक असे मानतात’ एवढेच म्हणावे. तरुण म्हणाला, “पण बुवा, असे म्हटले तर माउलींची थोरवी कमी नाही का होणार?” ज्यांनी नऊ हजार ओव्यांत गीता मराठीत उतरविली त्यांची थोरवी एका सापशिडीवर टेकू लावून उभी आहे, असे ज्याला वाटते त्याने आधी ज्ञानेश्वरीचे पारायण करावे. आम्ही त्याला तसे सांगितले. तो जरा रागावला, पण दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात त्याने ‘लोक असे मानतात’ असेच म्हटले.

मात्र पट टाकून देऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापून निघाला, आणि हळूहळू घरांची नावे पुसली जाऊन नुसते आकडे राहिले. बाजारात मिळतो तो हा मुका पट. जुन्या पटात प्रत्येक घराला नाव असते. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर ही घरे खालच्या अंगाला, तप, दया, भक्ती यांच्या शिड्या, वर वैकुंठ. कोठे जुना पट पाहावयास मिळाला तर मुलांना घरे मोठ्याने वाचावयास लावा. आणि एक गोष्ट नीट पाहा. काही पटांत वैकुंठाचे घर अगदी शेवटचे नसते. नेमके दान पडले तरच तेथे मुक्काम होतो. जास्त पडले तर सोंगटी वैकुंठावरून पुढे जाते, आणि शेवटच्या घरात तमोगुणाचा साप तोंड उघडून बसलेला असतो. तो पुन्हा खालच्या ओळीत आणून सोडतो.

॥ रामकृष्णहरी ॥